सरकीचे यंत्र आणि सुप्याचा बाजार



नवे यंत्र निघाले की ‘आता माणसाचे श्रम वाचले’ असे आपण सहज म्हणून जातो आणि ते पुष्कळ अंशी खरेही असते. परंतु कोणाचे श्रम वाचले आणि कोणाचे वाढले, हा दुसरा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत ती या दुसऱ्या प्रश्नाची आहे. तिचा आरंभ १७९३ साली अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतात होतो आणि तिचा एक धागा १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या आठवडे बाजारात येऊन पोचतो. मध्ये ब्याऐंशी वर्षे आणि दोन महासागर आहेत. तरीही धागा एकच आहे, आणि तो कापसाचा आहे.

‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ऐकून आपण हसतो, कारण तेथे बिघडते ती मातीची मूर्ती. इतिहासात असे घडते तेव्हा माणसांची आयुष्ये बिघडतात. आणि ती बहुधा मूर्ती घडविणाऱ्याची नसतात.

एक गाठ सुटते, दुसरी आवळते

कापसाचे बोंड आणि अंगावरचे कापड यांच्यामध्ये कामांची एक लांब साखळी आहे. शेतात कापूस वेचावयाचा, त्यातील सरकी काढावयाची, रुई पिंजावयाची, सूत कातावयाचे आणि मग ते मागावर विणावयाचे. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही सर्व कामे हातानेच चालत आणि त्यांचा वेग एकमेकांशी बेताबेताने जुळलेला असे. १७३३ साली इंग्लंडात जॉन के याने विणकराचा धोटा दोरीच्या हिसक्याने फेकण्याची युक्ती काढली. विणकर भराभर विणू लागला, आणि लगेच त्याला सूत पुरेनासे झाले. त्या टंचाईतून हारग्रीव्ह्ज, आर्कराइट आणि क्रॉम्प्टन यांची कातण्याची यंत्रे १७६४ ते १७७९ या काळात पुढे आली. एका माणसाच्या देखरेखीखाली डझनावारी चात्या फिरू लागल्या. सूत हवे तेवढे निघू लागले. आता रुई पुरेना.

साखळीतील एक गाठ सोडविली की सारा ताण पुढच्या किंवा मागच्या गाठीवर जाऊन पडतो, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानात धरावी. शोधक आपल्या डोळ्यांपुढची गाठ पाहतो. ताण कोठे सरकला, हे त्याला दिसत नाही. आणि पुष्कळदा ते दिसण्याइतका तो जगतही नाही.

लँकेशायरच्या गिरण्यांना रुई हवी होती आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाला योग्य अशी जमीन अफाट पडली होती. अडचण एकच होती. समुद्रकाठच्या बेटांवर लांब धाग्याचा कापूस येई. त्याची सरकी काळी आणि गुळगुळीत असल्यामुळे लाटांच्या साध्या चरकीने ती निघत असे. आपल्या देशात अशी चरकी शतकानुशतके चालत आलेली होती. दोन लाटा उलटसुलट फिरत, त्यांच्या फटीतून तंतू पलीकडे ओढला जाई आणि सरकी अलीकडे गळून पडे. परंतु अमेरिकेत समुद्रापासून आतल्या मुलखात जो आखूड धाग्याचा कापूस होई, त्याच्या हिरव्या सरकीला तंतू इतके घट्ट चिकटलेले असत की चरकीचे तेथे काही चालेना. बोटांनी सरकी काढीत बसले तर दिवसाकाठी एका माणसाच्या हातून सुमारे एक पौंड, म्हणजे जेमतेम अर्धा किलो रुई निघे. एवढ्या श्रमात तो कापूस परवडत नव्हता.

व्हिटनीचे यंत्र

एली व्हिटनी हा मसाच्युसेट्समधील एका शेतकऱ्याचा मुलगा. १७९२ साली येल येथील शिक्षण पुरे करून शिक्षकाच्या नोकरीसाठी तो दक्षिणेत आला. ती नोकरी काही जमली नाही. वाटेत ओळख झालेल्या कॅथरिन ग्रीन या सेनापतीच्या विधवेने त्याला सव्हाना शहराजवळील आपल्या मळ्यावर ठेवून घेतले. तेथे जमलेल्या मळेवाल्यांच्या तोंडून त्याने या हिरव्या सरकीचे रडगाणे ऐकले आणि काही महिन्यांच्या खटपटीनंतर १७९३ च्या वसंतात एक यंत्र उभे केले. यंत्राची रचना आश्चर्य वाटावे इतकी साधी होती. लाकडी रुळावर तारेचे दाते बसविलेले. समोर बारीक फटींची जाळी. रूळ फिरला की दाते फटींतून कापूस ओढून नेत आणि सरकी मोठी असल्यामुळे जाळीपाशी अडकून खाली पडे. उलट फिरणारा दुसरा एक ब्रशाचा रूळ दात्यांवरील रुई झाडून घेई. हाताने फिरविले तरी एक माणूस या यंत्रावर दिवसाला पन्नास पौंड रुई काढू शके. १४ मार्च १७९४ रोजी व्हिटनीला त्याचे पेटंट मिळाले.

या यंत्राला इंग्रजीत ‘जिन’ म्हणतात. एंजिन शब्दाचेच ते तुटके रूप. खामगाव, कारंजा, हिंगणघाट येथील आपल्या बांधवांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या बोलण्यात तो केव्हाच मराठी झाला आहे.

१७९३ च्या सप्टेंबरात व्हिटनीने आपल्या वडिलांना पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. या यंत्राने श्रम पन्नासपटीने कमी होतील आणि तरीही कोणत्याही वर्गाचा धंदा बुडणार नाही, अशा अर्थाचे त्याने त्यात लिहिले आहे. पत्रात लबाडी नाही. एका तरुण, हुशार आणि सरळ मनाच्या माणसाने आपल्या यंत्राविषयी चांगले तेच मनात धरले होते. त्याचे भाकीतही एका अर्थाने तंतोतंत खरे ठरले. कोणाचाही धंदा बुडाला नाही. गुलामांचा व्यापार करणाऱ्यांचा तर नाहीच नाही.

खुद्द व्हिटनीला यंत्राने फारसे काही दिले नाही. त्याने आणि त्याच्या भागीदाराने सरकी काढून देण्याबद्दल शेतकऱ्याकडून पाचांतील दोन हिस्से कापूस मागण्याचे ठरविले. शेतकरी चिडले. रचना इतकी सोपी होती की गावोगावच्या सुतार-लोहारांनी तिची नक्कल केली, आणि व्हिटनीची पुढची वर्षे कोर्टकचेऱ्यांत गेली. १८२५ साली तो वारला. आपल्या यंत्राने केवढा डोंगर उभा केला, हे त्याला फक्त पायथ्यापर्यंत दिसले.

वाचलेले श्रम कोठे गेले?

व्हिटनीच्या आधीची अमेरिकेची स्थिती आपण लक्षात घेऊ. तंबाखूने व्हर्जिनिया-मेरीलँडच्या जमिनी निकस झाल्या होत्या. पेनसिल्व्हेनिया राज्याने १७८० मध्ये क्रमाक्रमाने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला होता. ओहायो नदीच्या उत्तरेकडील नव्या मुलखात गुलाम ठेवण्यास १७८७ मध्ये बंदी झाली होती. गुलाम पोसणे आता परवडत नाही, ही प्रथा आपोआप झिजत जाईल, असे त्या काळच्या कित्येक पुढाऱ्यांना वाटत होते. त्यांची ही आशा बरोबर होती की भाबडी होती, यावर वाद होऊ शकेल. तिला आधार होता, एवढे खरे.

यंत्र आले आणि सरकीची गाठ सुटली. जो कापूस परवडत नव्हता तो सोन्याच्या मोलाचा झाला. तेव्हा ताण मागे सरकला आणि कापूस वेचण्यावर येऊन पडला. बोंड उकलले की त्यातील कापूस बोटांनीच काढावा लागतो. ओळीने वाकून, बोंडाच्या टोकदार सालींनी बोटे सोलवटून घेत, एकेक बोंड रिकामे करावयाचे. त्यासाठी यंत्र नव्हते. मळेवाल्याला वेचणी वाढवावयाची असेल तर उपाय दोनच होते: वेचणारी माणसे वाढविणे आणि त्या माणसांकडून अधिक काम काढणे. त्याने दोन्ही केले. संध्याकाळी प्रत्येक गुलामाची टोपली तराजूवर चढे आणि ठरल्या वजनापेक्षा कमी भरली तर चाबूक बसे.

१७९० च्या खानेसुमारीत अमेरिकेत गुलामांची संख्या सुमारे सात लाख होती. १८६० मध्ये ती साडेएकोणचाळीस लाखांवर गेली. वास्तविक १८०८ च्या १ जानेवारीपासून परदेशातून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी होती. परंतु ज्या बाजारात मागणी आहे तेथे माल कोठून तरी येतोच. व्हर्जिनिया-मेरीलँडच्या निकस जमिनीवरचे गुलाम विकून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना या कापसाच्या नव्या प्रांतांत नेण्याचा एक देशांतर्गत व्यापार उभा राहिला. गृहयुद्धापर्यंत या मार्गाने सुमारे दहा लाख माणसे हलविण्यात आली. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मूल तिसरीकडे, अशी ही विक्री होत असे. त्या नव्या प्रांतांतील जमीनही मोकळी नव्हती. चेरोकी, चोक्टॉ, क्रीक इत्यादी मूळ रहिवाशांना १८३० च्या कायद्याच्या आधारे तेथून हाकलण्यात आले, तेव्हा ती मोकळी झाली.

अमेरिकेत कापसाचे उत्पादन १७९० च्या सुमारास काही हजार गाठींचे होते; १८६० मध्ये ते चाळीस लाख गाठींच्या जवळपास पोचले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश एकट्या अमेरिकेतून येऊ लागला. ‘कापूस हा राजा आहे’ अशी गर्जना दक्षिणेचे हॅमंड यांनी १८५८ मध्ये अमेरिकेच्या सेनेटात केली. राजाचे सिंहासन कोणाच्या पाठीवर आहे, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

ही गुलामगिरी व्हिटनीने निर्माण केली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती त्याच्या आधीपासून होती, आणि ती टिकविण्याचा निर्णय कायदे करणाऱ्यांनी, मळेवाल्यांनी व कापसाच्या दलालांनी घेतला. यंत्राने त्या निर्णयाला नफा जोडून दिला, इतकेच. त्याच यंत्राभोवती मजुरी देऊन माणसे कामाला लावणारा समाज असता, तर इतिहास निराळा घडता. यंत्र ज्या समाजात उतरते, त्या समाजात जी व्यवस्था बलवान असते तिच्याच हातचे ते हत्यार बनते.

मुंबईतील सुगी

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटले. अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लिव्हरपूलला येणारा कापूस अडला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या. लाखो कामगार आणि त्यांची कुटुंबे धर्मादाय मदतीवर आली. तरीही १८६२ च्या ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र धाडले, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची म्हणून नोंदविली पाहिजे. गिरणीमालकांची नजर मात्र अन्य देशांकडे वळली. त्यांत पहिला होता हिंदुस्थान.

तसे प्रयत्न आधीपासून चालूच होते. १८४० मध्ये कंपनी सरकारने अमेरिकेतील दहा मळेवाले येथे आणवून अमेरिकन पद्धतीची लागवड आणि दातेरी जिन यांचे प्रयोग करविले होते. आपल्या देशी कापसावर ते जिन नीट चालेनात, त्यांनी धागा तुटू लागला. धारवाडकडे अमेरिकन बियाण्याबरोबर मात्र त्यांचा जम बसला. सरकारी प्रयोगांना वीस वर्षांत जे साधले नाही, ते अमेरिकन युद्धाने वर्ष-दोन वर्षांत साधले. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव तिप्पट-चौपट झाला. लोकांनी गाद्या-उश्या उसवून त्यांतील कापूस विकला, अशी त्या दिवसांची हकीकत जुन्या ग्रंथांत आढळते. एरवीच्या रास्त भावाने जे मिळाले असते त्याच्या वर सत्तर-पंचाहत्तर कोटी रुपये युद्धाच्या काळात मुंबईला मिळाले, असा तेव्हाचा अंदाज आहे.

एवढा पैसा हाती आल्यावर शहाणपण टिकणे कठीण. १८६५ च्या आरंभी मुंबईत तिसावर बँका होत्या. शिवाय वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निराळ्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या नावाची चिठ्ठी म्हणजे नगद नाणे समजले जाई. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्याची वार्ता आली, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलैला मुदतीच्या सौद्यांची वेळ भरताच मुंबईतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्या सुगीची खूण म्हणून आज मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा आहे. प्रेमचंदांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने तो बांधण्यास पैसा दिला होता. तो पुरा झाला १८७८ साली, देणाऱ्याचे वैभव ओसरल्यानंतर.

मुंबईच्या या कथा आपण ऐकलेल्या असतात, कारण बुडणारे शेठ प्रसिद्ध होते. आपल्याला त्यांच्या मागे जावयाचे आहे, घाट चढून.

रोख्यांची होळी

मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांनी मालाची हमी मिळावी म्हणून शहरातील सावकारांना उचल दिली. त्यांनी ती खेड्यातील सावकारांना दिली. आणि खेड्यातील सावकाराने ती कुणब्याच्या पदरात टाकली. एरवी पाच-पन्नास रुपयांसाठी ज्याला खेटे घालावे लागत, त्याला सावकार घरी बोलावून पैसे देऊ लागला. सुप्याभोवतालचा मुलूख काही खानदेश-वऱ्हाडासारखा कापसाचा नव्हे. तो मुख्यतः ज्वारी-बाजरीचा. तेथील संकटाचे सारे खापर कापसावर फोडता येणार नाही, आणि इतिहासकारांत त्याविषयी मतभेदही आहेत. परंतु कापसाच्या पैशाने धान्याचे भाव चढले, गाडीभाडे चढले, मजुरी चढली. बोरघाटातून रेल्वे नेण्याचे मोठे काम १८६३ पर्यंत चालले होते. त्याचीही मजुरी जिल्ह्यात खेळत होती. पत वाढली ती सगळ्यांचीच.

याच भरतीच्या वेळी सरकारच्या महसूल खात्याने आपले माप घेतले. इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये ठरलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपत आली होती. १८६७ पासून फेरआकारणी सुरू झाली आणि ती चढलेल्या भावांकडे पाहून झाली. काही गावी सारा दीडपट आणि त्याहूनही अधिक झाला. मग १८७० नंतर भाव उतरले. भाव उतरले, पण सारा उतरला नाही, व्याज उतरले नाही. वरच्या व्यापाऱ्याने हात आखडता घेतला, म्हणून खेड्यातील सावकारानेही तगादा लावला. त्याच्याही मानेवर कोणाचा तरी हात होता, हे विसरू नये. परंतु या उतरंडीत सर्वांत खाली कुणबी होता आणि त्याला ज्याच्यावर ओझे ढकलावे असा कोणी उरला नव्हता.

त्यात आणखी एक हकीकत आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविली होती. व्याज साचत जाऊन ऋणको बुडू नये, हा त्यातील हेतू. व्यवहारात झाले ते असे की दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहवून घेऊ लागला आणि मागील मुद्दल-व्याज मिळून नवे मुद्दल बनू लागले. कुणब्याला अक्षर येत नव्हते. कागदावर काय आहे हे न कळता तो निशाणी करी. कायदा हाही माणसाचा एक शोधच आहे; आणि त्यालाही व्हिटनीच्या यंत्राचीच गत येऊ शकते.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे या गावी लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यानंतर १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे गावी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दुकाने लुटली गेली, परंतु मुख्य शोध होता तो कागदांचा. रोखे, हिशेबाच्या वह्या, हुकूमनामे बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हे लोण पसरले. साडेनऊशेच्या आसपास लोक पकडले गेले. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार त्या मानाने थोडे झाले. जेथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तेथे दंगा बहुधा तेवढ्यावरच थांबला. ज्या माणसाला वाचता येत नव्हते त्याने आपला वैरी नेमका ओळखला होता.

व्हिटनीच्या रुळाची ही शेवटची आवर्तने होती, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु साखळी तपासून पाहा. यंत्राने आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला. त्या कापसाने गुलामगिरी फोफावली. गुलामगिरीतून युद्ध उद्भवले. युद्धाने मुंबईत पैसा ओतला. त्या पैशाने दख्खनच्या खेड्यात सोपे कर्ज आणि चढा सारा आणला. प्रत्येक कडीला दुसरीही कारणे आहेत. पण पहिली कडी काढून घेतली तर बाकीच्या अशा रीतीने जुळत नाहीत.

दुसऱ्या वाटेने आलेली अमेरिका

सुप्याच्या आधी दोन वर्षे, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी अमेरिकेतील सज्जनांनी जो त्याग केला, त्याबद्दलच्या आदरापोटी जोतीरावांनी तो ग्रंथ त्यांना अर्पण केला आहे. आम्हाला यात फार मोठा अर्थ दिसतो. अमेरिकेच्या कापसाच्या मळ्यावरील घडामोड आपल्या मुलखात दोन वाटांनी आली. एक वाट बाजारभावाची. ती कर्ज घेऊन आली. दुसरी विचाराची, ती आशा घेऊन आली. सहा लाखांहून अधिक माणसे ज्या युद्धात पडली त्याच्या अखेरीस, १८६५ मध्ये, अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. व्हिटनीच्या मनात गुलामगिरी वाढविणे जसे नव्हते, तसे फुल्यांच्या पुण्यात विचाराची ठिणगी पाडणेही लिंकनच्या सैनिकांच्या मनात नव्हते. अनपेक्षित परिणाम म्हणजे नेहमी अनिष्टच, असे समजण्याचे कारण नाही.

आणखी एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. सुप्याला रोखे जळले त्याच १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. शेतकऱ्यांच्या हलाखीची चौकशी सार्वजनिक सभा त्या काळात करीतच होती. शहरातील सुशिक्षितांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकत्र बसून देशाच्या प्रश्नांचा विचार करावा, या प्रथेचा आणि त्या होळीचा जन्म एकाच सालातला. तेव्हा आपण येथे गारव्याला बसून ज्ञानाची करमणूक करतो आहोत, एवढेच समजणे बरे नव्हे.

दंग्यानंतर आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता कर्जाचा मागचा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला अटक होण्याचे बंद झाले. कायदा चांगला होता. परंतु गहाणखताची बारकाईने तपासणी होते असे दिसताच कित्येक सावकार गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहवून घेऊ लागले. पुन्हा एक गाठ सुटली आणि दुसरी आवळली.

विचारावयाचा प्रश्न

हे ऐकून कोणी म्हणेल, मग काय चरकीकडे परत जावयाचे? आमचे म्हणणे तसे नाही. बोटांनी सरकी काढीत बसण्यात कसलाही मोठेपणा नव्हता. कापड स्वस्त झाले आणि गरिबाच्या अंगावर दुसरे वस्त्र आले, हेही त्याच यंत्रांचे देणे आहे. व्हिटनीला अडविले असते तर दुसऱ्या कोणी तेच यंत्र काढले असते.

आणि साखळी अजून संपलेली नाही. वेचणीची गाठ अमेरिकेत विसाव्या शतकात सुटली. १९४० नंतरच्या दशकांत वेचणीची यंत्रे दक्षिणेतील शेतांत उतरली. ज्यांच्या आजा-पणजांना कापूस वेचण्यासाठी विकत आणले होते त्यांची शेतात आता गरज उरली नाही, आणि लाखो काळ्या कुटुंबांचा उत्तरेच्या शहरांकडे आधीच चालू झालेला ओघ अधिकच वाढला. आपल्याकडे २००२ मध्ये बोंडअळीला तोंड देणारे बीटी कापसाचे बियाणे आले. प्रथम फवारणी घटली आणि उत्पन्न वाढले. पुढे गुलाबी बोंडअळीच त्या बियाण्याला सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेते तिने पोखरली. बियाण्याचा खर्च कायम राहिला आणि फवारणीचा पुन्हा वाढला. तो कोणी सोसला, हे येथे सांगावयास नको.

शोधकाला आपल्या शोधाचे सर्व परिणाम आधी दिसावेत, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. पण समाजाला एक गोष्ट आधी करता येते. नवे यंत्र दारात आले, की ज्याचे श्रम वाचणार आहेत त्याला तर आपण विचारतोच. साखळीत त्याच्या मागे आणि पुढे जो माणूस उभा आहे, ज्याच्यावर आता ताण सरकणार आहे, त्यालाही विचारावे. सव्हानाजवळच्या त्या मळ्यावर १७९३ साली मळेवाल्यांचे म्हणणे व्हिटनीने ऐकले होते. त्याच मळ्यावर कापूस वेचणारी माणसेही होती. त्यांना कोणी काही विचारले नाही. सुप्यालाही १२ मे १८७५ पर्यंत कोणी काही विचारले नव्हते.